दाजी तरे आणि चार हजार आठशे धाग्यांची साखळी

भिवंडीच्या कामतघरात दाजी तरे कुठं राहतो असं विचारलं, तर माणूस उलट विचारी, "कोन, वहीवाला?"

सातवीपर्यंत शिकलेला आगरी गडी. बापाची भातशेती लूमच्या शेडांखाली गेली, तेव्हा यानं पाना उचलला आणि लूमचा मिस्त्री झाला. खिशात कायम एक तेलकट वही. तिच्यात मशीनच्या भागाचं चित्र, शेजारी त्याचा इंग्रजी शब्द, त्याखाली आपला. नियम एकच होता. ज्या वस्तूला हात लागला नाही, तिचा शब्द वहीत जायचा नाही.

हा नियम त्यानं स्वतःचं हसं करून घेऊन मिळवला होता. निजामपुऱ्यातल्या पहिल्या कारखान्यात नवीन लागला तेव्हाची गोष्ट. लूमच्या मागे एक जाडजूड रूळ असतो, त्याच्यावर ताण्याचे म्हणजे उभे धागे गुंडाळलेले असतात. तो बीम. आझमगढचा एक कारागीर ओरडला, "दाजी, बीम खाली है!" दाजीनं वाकून लूमच्या खाली बघितलं. "अरे खाली है, खाली!" दाजी आणखी खाली. शेवटी पोटावर झोपला नि सरपटत आत गेला. बीम रिकामा झालाय, एवढंच तो बिचारा सांगत होता, हे कळेपर्यंत अर्धा कारखाना लूम थांबवून हसत होता. दाजी बाहेर आला तो डोक्याला कापसाचा भुसा घेऊन. त्या दिवसापासून कुणी ओळखीचा वाटणारा शब्द बोललं, की हा म्हणे, "पयले वस्तू दाखव."

असा माणूस एकदाच चुकला. आणि चुकला तो दोन हजार चार साली, जेव्हा चुकून चालणार नव्हतं.

त्याच्या शेडचा मालक प्रितम. गावचाच, भावकीतला, तिशीचा. त्यानं जुन्या लूम भंगारात काढायचं ठरवलं आणि फ्रान्सातून दोन वापरलेल्या मशीन आणल्या. आडवा धागा नेणारा धोटा नाही, खडखडाट कमी, काम चौपट. एजंटच्या माणसानं त्या बसवून दिल्या, आठ दिवस चहा प्यायला आणि गेला. त्यानंतर पहिल्या मशीनवर दर दोन-तीन मिनिटांनी ताण्याचा धागा तुटायला लागला. दुसरी तर सुरूच केली नव्हती.

सोबत एक जाड पुस्तक आलं होतं. प्रितमनं ते दाजीसमोर टाकलं. "आबा, इंग्लिश हाय. वाचा."

दाजीनं उघडलं. अक्षरं सगळी इंग्रजीच. काहींच्या डोक्यावर टोप्या नि काड्या होत्या, पण त्याला वाटलं, छापणाऱ्याची हौस असंल. शब्द बरेचसे लागत नव्हते. तसं बोलून दाखवायची मात्र हिंमत झाली नाही. प्रितम तिथंच उभा होता, आणि त्यानं सकाळीच सांगितलं होतं, "शुक्रवारपर्यंत बगतंव. शनवारी सुरतेचा मिस्त्री येतोय, बोलून ठेवलंय."

"मंग मी?"

"तुमी जुन्या लूमवर."

"जुन्या लूम तं भंगारात चालल्यान."

प्रितमनं मोबाईल काढला आणि कुणाचा तरी फोन आल्यासारखा बाहेर गेला.

म्हणून दाजीनं नियम मोडला. पुस्तकात पानोपानी एक शब्द होता, चेनसारखा दिसणारा. मशीनला मागे बीम फिरवणारी लोखंडी साखळी होतीच. झालं, दाजीनं साखळी कसली. धागे जास्त तुटायला लागले. त्यानं आणखी कसली. बुधवारी संध्याकाळी बीम असे हिसके मारायला लागला, की कापडापेक्षा गाठीच जास्त.

घरी बायको कमळा ताट वाढता वाढता बोलली, "ईस दिस त्या मशीनच्या मागं फिरताव. तिला घरान आना, मी जातंय माहेरा."

"पुस्तक लागत न्हाय."

"नसंल लागत तं इचारा कोनाला. तोंड काय भंगारान दिलाव?"

गुरुवारी दाजी पुस्तक पिशवीत घालून ब्राह्मण आळीत गेला. तिथं अवधूत कर्णिक राहायचे, हायस्कुलातले क्लार्क. दाजीच्या दोन्ही पोरींचे दाखले त्यांच्याच हातचे. त्यांच्या मुलीनं, अदितीनं, बारावीला मार्क पडतात म्हणून फ्रेंच घेतलं होतं आणि पुढेही चालू ठेवलं होतं. दाजीला हे काही माहीत नव्हतं. तो इंग्रजी समजूनच आला होता.

अदितीनं एक पान बघितलं आणि हसायला लागली. "दाजीकाका, हे इंग्लिश नाहीच. फ्रेंच आहे."

"अक्षरं तं तीच हायेत."

"अक्षरंच काय, शब्दही तेच वाटतात, आणि फसवतात. आम्हाला बाईंनी यादीच दिली होती. लायब्ररीसारखा दिसतो तो शब्द म्हणजे पुस्तकाचं दुकान. कॉलेज म्हणजे आपली शाळा, सहावी ते नववी. सेन्सिबल म्हणजे शहाणा नाही, नाजूक."

दाजी खुर्चीत मागे टेकला. "म्हंजे बीम खाली हाय," तो म्हणाला. अवधूतरावांना काही कळलं नाही. मग दाजीनं ती पोटावर झोपल्याची गोष्ट सांगितली, आणि कर्णिकांकडे चहा दोनदा झाला.

"आता ह्यो बग," दाजीनं बोट ठेवलं. "ह्यो चेन न्हाय?"

"चेनच आहे. उच्चार शेन."

"शेन? गाईचा?"

"बाबा, यांना सांगा ना!" अदितीनं छोटी डिक्शनरी काढली. "हे बघा, साखळी. हा फसवत नाही." आणि ती वाचायला लागली, "शेनचे धागे... चार हजार आठशे..."

"थांब. कसले धागे?"

"साखळीचे धागे. संख्या, चार हजार आठशे."

दाजी उठून उभाच राहिला. "साखलीला धागं नसतात, बाय. मशीनला साखल्या दोन. चार हजार आठशे कोनाचं असतात, म्हाईत हाय? ताण्याचं."

"पण डिक्शनरीत तर—"

"तुजी डिक्शनरी कारखान्यान कवा आली व्हती?"

अदितीनं डिक्शनरी मिटली. मग हळूच बोलली, "नाही आली. पण मी येते."

भिवंडीच्या लूमला शुक्रवारी सुट्टी. शेडमध्ये आवाज नाही. अदिती आली, सोबत अवधूतराव नाकाला रुमाल लावून. प्रितम दारात खुर्ची टाकून बसला. लोडशेडिंगची वीज दोन वाजता जाणार होती, म्हणजे हातात चार तास.

दाजीनं कामाची रीत सांगितली. "तू शब्द वाच. मी हात लावीन. जमला तं पुढं."

अदिती वाची आणि दाजी हात लावी. शेन आला तेव्हा त्यानं पसरलेल्या ताण्यावर अख्खा तळवा ठेवला, मग वहीत लिहिलं. पुढचा शब्द ट्रामसारखा होता. अदितीला तो लागेना. दाजी म्हणाला, "ताणा झाला, आता दुसरं काय ऱ्हातंय? बाणा." आडव्या धाग्याला हात लावून तेही लिहिलं. साखळी कसल्याची आधीची चूक त्यानं स्वतःच निस्तरली. लोखंडी साखळी सैल करून होती तिथं आणली.

मग एक तक्ता आला. त्याच्यावर लिहिलं होतं टेन्शनसारखं काहीतरी, आणि पुढे शेन. अदिती बिचकली. "यादीत आहे हा. टेन्शन नाही, विजेचा दाब. वायरिंगवाल्याला बोलवा."

दाजी वळून विजेच्या पेटीकडे गेला. तिच्यावर तोच शब्द, बाजूला वीज पडल्याचं चित्र, तीनशे ऐंशी. "हितं तुजा बरोबर हाय." मग तो तिला मशीनच्या मागे घेऊन गेला. बीमजवळ एक जाड स्प्रिंग, तिच्याशेजारी आकडे कोरलेली पट्टी. "तक्त्यातलं चित्र ह्याचंच. हितं वीज कुठं हाय, दाखव."

अदितीनं वाकून बघितलं. वायर नव्हती. "म्हणजे इथं साधा ताणच? दिसतो तसाच?"

"दिसतो तसाच. यादीवरबी हात लावल्याबिगर भरवसा न्हाय ठेवाचा."

काटा सातवर होता. तक्त्यात त्यांच्या सुतासाठी चार होता. दाजीनं स्प्रिंग सोडली, बोटानं धागे दाबून बघितले, मान हलवली आणि बटण दाबलं.

तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन मिनिटं गेली. पाच गेली. प्रितम खुर्चीवरून उठून आत आला. पंचवीस मिनिटांनी एक धागा तुटला. दाजीनं तो बांधला आणि परत सुरू केली. दोन वाजता वीज गेली तेव्हा मशीनवर चार-पाच मीटर सलग कापड होतं. अवधूतरावांनी रुमाल काढून कापडाला हात लावून बघितला.

"आबा," प्रितम म्हणाला, "दुसरी कवा लावताव?"

"ही बाय फुडच्या शुक्रवारी आली तं फुडच्या शुक्रवारी."

शनिवारी सुरतेचा मिस्त्री आला. त्याला थांबवायचं प्रितम विसरला होता, किंवा विसरला नव्हताही. मिस्त्रीनं चालती मशीन बघितली, मागे फिरून आला आणि विचारलं, "चेन किसने सेट की?"

दाजीनं हात पुसले. "कौनसी? लोहे की या सूत की?"

मिस्त्रीनं प्रितमकडे बघितलं. प्रितमनं त्याला चहा पाजला आणि जाण्यायेण्याचं भाडं दिलं.

ती मशीन पुढं सहा वर्षं चालली. दाजीनं तिच्यावरच असताना काम सोडलं, गुडघे गेले म्हणून. वही प्रितमच्या कपाटात आहे. त्या शुक्रवारच्या पानावर दाजीच्या हातचं आहे: शेन, ताणा, हात लावला. त्याखाली अदितीच्या सुबक अक्षरात तोच शब्द फ्रेंचमध्ये, टोपीसकट.