माझ्या यादीतली अकरावी मुलगी

हल्ली आमच्या विद्यापीठात संशोधन दाखवल्याशिवाय बढती मिळत नाही. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात मोखाड्याकडे निघालेल्या एकाच जीपमध्ये तीन विभाग कोंबून बसले होते. भूगर्भशास्त्राच्या मॅडम विहिरींचं पाणी मोजायला, मराठीचे सर बोलीतले शब्द गोळा करायला आणि मी, आहारशास्त्राची, मुलांची वजनं घ्यायला. जव्हार सोडल्यापासून मी सरांना चिडवत होते. शब्द काय पळून जाणार आहेत का, पोरं मात्र वाढतात, असं काहीबाही. स्वतःच्या विषयाचा मला भारी तोरा होता.

सूर्यमाळच्या अलीकडच्या एका पाड्यावर माझ्या यादीतली मुलं राहायची. त्यातली अकरावी मुलगी माझी लाडकी. संशोधन करणाऱ्याने असं म्हणू नये, पण होती. आदल्या वर्षी वजनकाट्याच्या झोळीत बसवलं तेव्हा तिला तो झोकाच वाटला आणि ती उतरेचना. वजन मात्र काळजी वाटावी इतकं कमी भरलं होतं. वर्षभर अधूनमधून तिची आठवण यायची. म्हणून या खेपेला आधी तिच्याच दारात गेले.

दाराला कडी होती. शेजारच्या अंगणात तिची चुलती सुपात वरई पाखडत बसली होती. मी मुलीचं नाव घेऊन विचारलं, दिसत नाही ती?

"ती त गेली," चुलती म्हणाली. मान वर न करता.

पुढे काही विचारायची माझी छाती झाली नाही. वावर-वांगणीतल्या कुपोषणाने मेलेल्या मुलांच्या बातम्या शाळकरी वयात ऐकलेली मी, या डोंगरात येते तीच मनात भीती धरून. शिवाय आमच्या घरी अशा वेळी कुणी खोदून विचारत नाही. मी नुसती मान हलवली आणि निघाले. चालता चालता वहीत अकराव्या ओळीपुढे 'वगळले' असं लिहिलं. आता यादीत एक कमी, हा माझा पहिला विचार होता. सांगायची लाज वाटते, पण होता. रडू त्यानंतर आलं, दोन घरं सोडून, एका कुडाच्या आडोशाला.

दुपारी जीपपाशी डबे उघडले. मी माझा तसाच बंद ठेवला. सरांनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा सांगून टाकलं.

"नेमका शब्द काय वापरला तिने?" सरांनी विचारलं.

माझं डोकंच फिरलं. "इथे मूल दगावलंय आणि तुम्हाला शब्दाचं पडलंय?"

"मॅडम, नंतर चिडा. मेली म्हणाली की गेली?"

"गेली."

"या पाड्यांवर मी मेलेल्याला मेलाच म्हणताना ऐकलंय. आडून बोलायची खोड आपली. उठा, परत जाऊ."

चढ जेमतेम पाच मिनिटांचा होता. मी तो जवळजवळ पळतच चढले आणि वाटेत मनातल्या मनात सरांना शिव्याही दिल्या. उगाच आशा लावली या माणसाने, असं वाटत होतं.

"ती कुठे गेली, वहिनी?" मी धापा टाकत विचारलं.

"भिवंडीला. आईबापासंग, भट्टीवर. दिवाळी झाली अन गेली. होळीला येल." चुलतीने सूप खाली ठेवलं. "काल फोनवर भांडली माझ्याशी. तिची कोंबडी इकली ना मी."

मी तिथेच खाली बसले. हसत होते की रडत होते, मलाच कळेना. वीटभट्टीवर पोराचे काय हाल होतात ते मला ठाऊक आहे, आणि ती काळजी मी संध्याकाळी केलीच. पण त्या घटकेला मला इतकं हायसं वाटलं की त्या कोंबडीवरून भांडणाऱ्या पोरीला कडेवर घेऊन पाडाभर नाचावं. काळजी करायला ती होती, एवढं मला पुष्कळ होतं.

चुलतीला काही उमगेना. सरांनी तिला सांगितलं, बाईंना वाटलं पोर मेली. तशी ती भडकलीच.

"मेली असती त मेली सांगलं असतं ना! वंगाळ काय बोलता?" मग जरा थांबून तिने मला निरखलं. "तुमच्यात मेलेल्याला गेला बोलतात?"

"हो."

"अन गावाला गेलेल्याला?"

"त्यालाही गेलाच."

"मंग तुमाला कळतं कसं?"

सर माझ्याकडे बघत होते. त्यांची शब्दांची वही उघडी होती, पण ते काही लिहीत नव्हते.

"विचारावं लागतं," मी म्हणाले.