काकूंच्या राउटरचा पासवर्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला तरी का सांगतेय? — माहीत नाही. बसा जरा.

मी नवेगाव बांध या गावी एकटी राहते. कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळायचे. नोकरी संपली, तशी माणसंही संपली. उरला एक जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स — आणि ओपन सोर्सचं वेड. म्हणजे जे सॉफ्टवेअर कुणीही उघडून पाहावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. शेजारच्या यमुनाकाकूंनी इंटरनेट घेतलं, तेव्हा त्यांच्या राउटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून मीच हे आपलं ओपन सोर्सचं टाकलं. काय तोऱ्यात सांगितलं होतं! — "काकू, आता हा डबा पूर्ण तुमचा. कंपनीला यात बोट घालता येणार नाही."

पासवर्ड मात्र माझ्याकडेच ठेवला. काही बिघडलं तर घरी बसून दुरुस्त करता यावं, म्हणून. म्हणजे बंदही करता येत होतं — घरी बसून.

पहिल्यांदा तो खरंच बिघडला. काकूंनी कुंपणापलीकडून हाक मारली, "मॅडम, इंटरनेट नाही चालून राहिलं. येता का जराक?" गेले. दहा मिनिटांचं काम, दोन तास बसले. चहा झाला, पोहे झाले. काकूंनी त्यांच्या रायपूरच्या भावाला व्हिडिओवर माझी ओळख करून दिली — या आमच्या मॅडम. आमच्या! आठवडाभर कुणाशी बोललेलं नसताना असं कुणी म्हटलंय तुम्हाला कधी?

मग तीन आठवडे राउटर नीट चालला. हाक आली नाही. आणि एका सकाळी मी — कसं सांगू — माझ्या कॉम्प्युटरवरून काकूंचं इंटरनेट बंद केलं. माझ्याच दारात जाऊन उभी राहिले. अर्ध्या तासात हाक आली.

एकदाच केलं असतं तर? दोन वर्षं करत राहिले. घर खायला उठलं की बंद करायचं, हाक आली की जायचं, कपाळाला आठ्या घालून तारा हलवायच्या. काकू दरवेळी म्हणायच्या, तुम्ही आहात म्हणून बरं.

आमच्याकडे घरात मोबाइलला रेंज नसते. काकूंचे सगळे फोन त्या वायफायवरच यायचे. हे मला माहीत नव्हतं का? होतं.

गेल्या वर्षी धानाची रोवणी आटोपल्यावर मला दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी उतरला. दहा वाजता मी इंटरनेट बंद केलं. अकरा वाजले, बारा वाजले — हाक नाही. मला राग आला. हो, राग! विसरल्या मला, म्हटलं. राहू दे बंद. चार वाजता चालू केलं, आणि पाचच मिनिटांत काकूंचं रडणं ऐकू आलं.

भावाला सकाळीच दवाखान्यात नेलं होतं. ऑपरेशनला नेण्याआधी त्याला बहिणीला बघायचं होतं. त्याची मुलगी काकूंना फोनवर फोन लावत राहिली. ऑपरेशनमधून तो परत आलाच नाही.

तेरावं करून काकू रायपूरहून आल्या. मी भेटायला गेले. सगळं सांगायचंच ठरवून गेले होते — खरंच. पण आधी त्याच बोलल्या, "बंद पडलेलं दिसलं होतं मले. पन तुम्हाले ताप होता ना, कायले तरास द्याचा म्हटलं. मीच चुकली, मॅडम."

मी तोंड उघडलं. आणि काय म्हणाले?

"हाक मारायची होती ना, काकू."

त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मी पासवर्ड बदलून कागदावर लिहून दिला, माझ्याकडची नोंद पुसली. तेव्हापासून ते इंटरनेट एकदाही बंद पडलेलं नाही. पण काकू अजून मला चहाला बोलावतात. कुणी पाहुणं आलं, भावाचा विषय निघाला, की सांगतात — मीच वेळेवर हाक नाही मारली. मी तिथेच बसलेली असते. एकदाही त्यांना थांबवलेलं नाही.