सरळ मान

वाडीच्या राखणदार देवाला कापायचा म्हणून पाळलेल्या आमच्या कोंबड्याची मान अचानक वाकडी झाली. चालायला गेला की गिरकी घेऊन पडायचा. सासूबाई म्हणाल्या, "व्यंग असलेला देवाला चालत नाही. दुसरा बघू."

मला त्याचे हाल बघवेनात. महिनाभर त्याला मांडीवर घेऊन, मान हाताने सरळ धरून, पेज आणि हातखंब्याच्या मेडिकलमधलं व्हिटॅमिनचं औषध भरवलं. मान सरळ झाली, तेव्हा मी शहाणी वाडीभर सांगत सुटले. सरळ मानेचा कोंबडा पुन्हा देवाचा, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

राखणीच्या दिवशी तो कोणाच्या हाती लागेना. नवरा म्हणाला, "तू बोलाव, तुझ्याकडे येईल."

आणि मी बोलावलं. तो धावत आला, एकदाही तोल न जाता.