कॅमेऱ्यावरचा तळहात

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वादहाला सुजाताचा पेपर मध्येच बंद करून तिला नापास केलं गेलं. ती अकरावीत आहे आणि सोबत पदवीच्या पातळीचा मानसशास्त्राचा एक कोर्स घरून ऑनलाइन करते. परीक्षेवर नजर ठेवणारा कॅमेरा तिनं झाकला, म्हणजे कॉपी केली, असा शेरा आला.

त्यांचं घर एका खोलीचं. आई कामावर निघायच्या घाईत मागे साडी बदलायला लागली, तशी हिनं कॅमेऱ्यावर हात धरला.

"अगं, सांगायचंस, थांबले असते मी," आई नंतर माझ्यासमोर तिला म्हणाली.

"परीक्षेत बोललेलं चालत नाही."

"मग आता सांग की त्यांना!"

"काय सांगू? माझी आई साडी बदलत होती?"

तक्रारअर्ज लिहायला दोघी माझ्याकडे आल्या होत्या; वस्तीतल्यांचे अर्ज मीच लिहून देते. सुजातानं तो हात मला करून दाखवला. झोपलेल्या बाळाच्या तोंडावरचं ऊन अडवावं, तसा हलका. मनाचं शास्त्र शिकवणाऱ्यांना एवढा हात वाचता येऊ नये? आपली खोली केवढी, हे परक्यांना समजावणारे अर्ज लिहून मी आता थकले आहे.

तुम्ही कुणाचे पेपर तपासत असाल, तर शेरा मारण्याआधी त्या पोरीला फोन करा आणि काय झालं ते विचारा.