एकाच सतरंजीवर

मस्कतमधल्या अझैब्यात एका कंपनीच्या लेबर कॅम्पमध्ये मी त्या वेल्डरला एकदाच पाहिलं. मी मामाला भेटायला गेलो होतो. त्या शुक्रवारी तिथले कामगार आपापसातली भांडणं सोडवायला एक पंच निवडत होते. सगळे सतरंजीवर बसले होते आणि फोरमन एकटा खुर्चीत.

पहिला उमेदवार म्हणाला, "मी सगळ्यांना सांभाळून घेईन." दुसरा म्हणाला, "फोरमनसाहेबांना विचारूनच निकाल देईन."

मग हा उठला, तिसरा उमेदवार. रत्नागिरीकडचा वेल्डर, बोलताना मनगट चोळायची सवय असलेला.

"न्याय करायचा तर भांडणारे दोघंही सारख्या जागी बसले पाहिजेत," तो म्हणाला. "साहेब, तक्रार तुमच्यावर आली तर तुम्हालाही खाली बसावं लागेल. तुमची बाजूही मी पुरती ऐकेन."

फोरमन शांतपणे म्हणाला, "तुझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय ना रे? रिन्यू करायचा की नाही, ते कंपनीला मीच कळवतो."

"होय साहेब," तो मनगट चोळत म्हणाला. "म्हंजे महिनाभर तरी धड न्याय होईल."

मत हात वर करून द्यायचं होतं, तेही फोरमनच्या देखत. त्याच्या नावाला पहिला हात वर केला तो त्याच्याशी भांडून अबोला धरलेल्या माणसाने. मामाने तसं माझ्या कानात सांगितलं. ज्याच्याशी भांडलेला माणूसही त्याच्यावर भरवसा ठेवतो, त्यानेच न्याय करावा, असं मला तेव्हापासून वाटतं.

मग मामाने हात वर केला. मग आणखी काहींनी. "खलास, हात खाली घ्या," फोरमन दोनदा म्हणाला.

कुणी घेतला नाही.