थईजशेला सोडलं

बेसण्याला सर्वांत आधी पोहोचणारा माणूस म्हणजे आमचा विम्याचा एजंट. बडोद्यात कुणी गेलं की दोन-तीन दिवसांनी बेसणं असतं. पांढरे कपडे घालून लोक येतात, फोटोपुढे हात जोडतात, घटकाभर बसतात आणि जातात. आम्ही मराठी माणसंही आता ते करतो. हा घरच्यांच्या आधी हजर. सतरंज्या अंथरायचा, चपला ओळीत लावायचा, मग पहिल्या रांगेत बसून डोळे पुसायचा. माझे दीर गेले तेव्हा तो माझ्या जावेपेक्षा जास्त रडला. लोक पांगायला लागले तसं पुतण्याला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "जीवनाचा काय भरवसा, भाऊ? तुमचं काही काढलेलं आहे का?" पुतण्याने तिथेच सही केली. बापाच्या फोटोवरचा हार अजून ओला होता.

त्याला नाव होतं, पण आमच्या घरात त्याला थईजशेच म्हणत. थई जशे, म्हणजे होऊन जाईल. पावती आली नाही, थई जशे. नाव चुकीचं छापलं, थई जशे. माणूस मराठीच, आमच्याशी मराठीतच बोलायचा, पण धीर नेहमी गुजरातीत द्यायचा. वचन द्यायला दुसऱ्याची भाषा बरी, मोडलं तरी आपलं काही मोडत नाही. केसांना काळाकुट्ट कलप, काखेत रेक्झिनची बॅग आणि शर्टाच्या खिशात तीन पेनं. तिन्ही चालू. या माणसाची एवढी एकच गोष्ट मी कधी बंद पडलेली पाहिली नाही.

त्याची कामाची रीत अशी, की फॉर्म कोरा पुढे ठेवायचा आणि म्हणायचं, "काका, सही इथे, इथे आणि इथे. बाकीचं मी घरी बसून भरतो. तुम्हाला कशाला त्रास?" आमचे हे कारखान्यात फिटर होते. मशीनचा एक नट दुसऱ्याला आवळू द्यायचे नाहीत. त्यांनी कोऱ्या कागदावर तीन सह्या ठोकल्या. का, तर आपला माणूस आहे. मी म्हटलं, "अरे, आधी वाचून तर दाखव." तो हसला. "काकी, सगळं इंग्लिशमध्ये आहे. तुम्हाला काय समजणार?" चौथी शिकलेल्या बाईला गप्प करायला इंग्लिश एवढा शब्द पुरतो. पुढे किती वर्षं हप्ते भरले, ती फाइल कपाटात होती, आणि आत काय लिहिलंय ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

ते कळलं शिर्केवहिनींमुळे. त्या खालच्या मजल्यावर राहतात, त्यांचाही एजंट हाच. वहिनींना दमा. त्यांचा पंप कायम पदराच्या गाठीला. याच्यासमोर बसून त्यांनी शंभर वेळा तो ओढला असेल. मागच्या हिवाळ्यात त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं आणि कंपनीने हात वर केले. म्हणे, तुम्ही दमा लपवलात. फॉर्ममध्ये दम्यापुढे 'नाही' लिहिलेलं. वहिनींनी नाही, यानेच लिहिलेलं. वहिनींनी जाब विचारला तर म्हणतो कसा, "वहिनी, ही कंपनीच खराब निघाली. आपण दुसरी काढू. थई जशे." त्या बाईने लेकीच्या लग्नासाठी जपलेल्या पाटल्या मोडल्या आणि हा त्यांना नवा फॉर्म दाखवत होता.

मी त्याच दुपारी आमची फाइल काढली. ह्यांना कितीतरी वर्षं साखर आहे. साखरेचं दुखणं एकटं राहत नाही, डोळ्यात जातं, किडनीत जातं, हृदयात जातं, हे मला आमच्या डॉक्टरांनी दहादा सांगितलंय. उद्या ह्यांना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय, एवढाच प्रश्न होता. आमच्यापाशी डोक्यावरचं हे सुभानपुऱ्यातलं छप्पर सोडून दुसरं काही नाही.

वहिनींच्या लेकीने हेतल नावाची दुसरी विमा एजंट गाठून दिली. बडोद्याजवळच्या पादरा गावची, चाळिशीची, स्कूटरवर येते आणि हेल्मेट काढायच्या आधी बोलायला लागते. मला 'बा' म्हणते, म्हणजे आई. तिने आमचा जुना फॉर्म वाचला. एकेका आजाराच्या नावावर बोट ठेवत गेली. "ना. ना. ना. बा, अहीं तो बधुं ना लख्युं छे." सगळीकडे 'नाही'. साखरेपुढेही 'नाही'. खाली ह्यांची सही, अगदी वळणदार.

हे म्हणाले, "इतक्या वर्षांचा संबंध आहे. असा माणूस एकदम कसा सोडायचा?"

"संबंध त्याच्याशी आहे, साखर तुम्हाला आहे," मी म्हटलं.

हेतलने मला काही गोड सांगितलं नाही. तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बा, नवीन कंपनीला खरं लिहून द्यायचं. ते नाही पण म्हणतील. मग जुनी पॉलिसी तशीच चालवायची, त्यात पण हे खोटं आहे. मी ग्यारंटी नाही देत." आयुष्यात पहिल्यांदा विम्याच्या माणसाने 'नाही देत' म्हटलं आणि माझा तिच्यावर विश्वास बसला.

मी तिला एकेक प्रश्न मोठ्याने वाचायला लावला. साखरेचा प्रश्न आला तेव्हा ह्यांनी घसा साफ केला. "लिही, जरा जरा आहे."

"सकाळी दोन गोळ्या, रात्री एक," मी म्हटलं. "जरा कुठली? हो लिही."

हे माझ्याकडे असे बघत राहिले, जसा काही आजार मीच त्यांना दिला. नंतर त्यांची लघवी, रक्त, हृदयाची पट्टी, सगळं तपासलं. जुन्या पॉलिसीची मुदत संपत आली होती आणि नव्या कंपनीचं काही कळत नव्हतं. ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. हे जिना चढताना थांबले तरी मी हातातलं काम टाकून दारात जायचे. मनात यायचं, गप्प बसले असते तर निदान कागद तरी हातात राहिला असता. मग शिर्केवहिनींचे रिकामे हात दिसायचे.

कंपनीने हो म्हटलं. हप्ता वाढवला. साखरेतून निघणाऱ्या दुखण्यांसाठी काही काळ थांबावं लागेल, असंही लिहिलं. हेतलने एकेक ओळ मराठीत समजावली, मी दोनदा विचारलं, तिने दोनदा सांगितलं. थांबू. पण साखरेपुढे 'हो' लिहिलेला कागद आता आमच्या घरात आहे आणि त्यात काय आहे ते मला पाठ आहे.

चार दिवसांनी थईजशे आला. कुणीतरी सांगितलं असणार. चेहरा बेसण्यातला.

"काकी, आपल्या माणसाला सोडलंत? त्या परक्या बाईकडे गेलात?"

"तू 'नाही' का लिहिलंस?"

"अहो, तुमच्या भल्यासाठी! 'हो' लिहिलं असतं तर लफडी किती. कंपनी तपासण्या करायला लावते, पॉलिसी अडकून पडते. मी सगळ्यांचं असंच करतो, काकी. कुणाला अडवत नाही."

"दारातून आत घेतोस, मेल्या, आणि आगीत सोडतोस."

हे आतून म्हणाले, "अगं, जाऊ दे." मी जाऊ दिलं नाही. शिर्केवहिनींच्या पाटल्यांचं विचारलं. तो वाकून बॅगेची चेन चाळवायला लागला. कलप उतरलेला, मुळाशी पांढरं दिसत होतं. मग त्याने पाणी मागितलं. मी दिलं. त्याने खिशातून एक पाकीट काढलं, गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्याला.

"कसली गोळी?"

"काही नाही, बीपीची. साधीच."

"तुझा स्वतःचा विमा आहे ना?"

"आहे ना. मी आणि मिसेस, दोघांचा."

"त्यात बीपी लिहिलंयस?"

तो खिशातल्या पेनांवर उगाच हात फिरवत राहिला. त्याच्याही फॉर्मवर त्याने तेच लिहिलं होतं. वर्षानुवर्षं याने लोकांना फसवलं असं मी समजत होते. या गाढवाने फसलेल्यांच्या रांगेत स्वतःलाही उभं केलं होतं, बायकोसकट. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. कीव आली, आणि कीव मला रागापेक्षा वाईट वाटते.

तो उठला, दारापाशी गेला, चपलेत एक पाय घालून थांबला.

"काकी," तो म्हणाला, "त्या बेनचा नंबर मिळेल का?"

नंबर दिला. चहा विचारला नाही.