यंदा कूलर लावायचा नाही

इन्चार्ज रोज सकाळी नागपूर सोडायचे आणि संध्याकाळपर्यंत परत राहायला यायचे.

सकाळच्या फिरण्यात हुडकेश्वरचा खणलेला रस्ता ओलांडताना त्यांचं सुरू व्हायचं. "या गावात माणूस राहू शकते का गा, मनोहर? नाली खोदली, माती तशीच. मी आता पोराकडं पुण्याले चाललो." परत येताना आम्ही चौकातल्या ठेल्यावर तर्रीपोहे खायचो. दुसऱ्यांदा तर्री मागताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. "असं पुण्यात कोणं देईल? सांग बरं." मी सांगायचो, कोणी नाही. मग ते संशयाने माझ्याकडे बघायचे. "म्हणजे मी जाऊ नको म्हणतं?"

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात ते शिफ्ट इन्चार्ज होते आणि मी स्टोअरमध्ये. निवृत्तीनंतर दोघांनी इकडे शेजारी शेजारी घरं बांधली. नोकरी सुटली तरी नाव सुटलं नाही. पोस्टमनसुद्धा त्यांना इन्चार्जच म्हणायचा. वीजकेंद्राची एक सवय त्यांच्यासोबत इथवर आली होती. दोरीवरचा कपडा घडी करण्याआधी ते दोनदा जोरात झटकायचे. तिकडे कॉलनीत कपड्यांवर राख बसायची म्हणून वहिनी तसं करायच्या. इथे राख नव्हती आणि आता वहिनीही नव्हत्या, पण ते झटकत राहिले.

दुसरी सवय रिलीव्हरची. पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हा तिथला नियम. कोणी त्यांना जरा नेट लावून विचारलं, की इन्चार्ज, नक्की जाणार कधी, तर ते अंगणातल्या संत्र्याच्या झाडाकडे बोट दाखवायचे. झाडाला फारशी संत्री कधी लागली नाहीत. "माहा रिलीव्हर कुठं हाय? याले पाणी कोणं टाकन?" मी टाकीन म्हटलं, तर म्हणायचे, "तू तर पावसाळ्यातही टाकशील. तुले काही समजते का?"

मुलाकडे ते जाऊनही आले होते. प्रशांत आणि सून शिल्पा दोघेही पुण्यात ऑफिसात नोकरीला. महिनाभर राहून परतले, तेव्हा त्यांना तक्रार करायची होती, पण सांगता सांगता कौतुकच निघत होतं. "सुनेनं माह्यासाठी इथून सावजी मसाला मागवला गा. रस्सा केला. तिच्या डोळ्यातून पाणी, तरी खात होती." जरा थांबून म्हणाले, "पण तिथं उन्हाळाच नाही. कूलर नाही, काही नाही. उन्हाळा आला हे समजावं कसं माणसाले?"

आमच्याकडे होळी झाली, की खिडकीला कूलर लागतो. लोखंडी स्टँड निघतं, वाळ्याचे नवे पॅड बसतात, पंपात पाणी चढतं. एप्रिल लागला तरी ज्याची खिडकी मोकळी, तो बाहेरगावी चाललाय असं गल्ली न विचारता धरून चालते.

त्या वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी इन्चार्ज म्हणाले, "यंदा कूलर लावायचा नाही." कूलर पोर्चमध्ये जुन्या चादरीखाली उभा होता. "प्रशांत येऊन राहिला न्यायले. यंदा जातो. पक्कं." मी म्हटलं, चांगलं आहे. संध्याकाळी ते काही बदलले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. तेव्हा मी घाबरलो. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी कॅनडाला. सकाळी चालायला बरोबर हाच एक माणूस.

चारेक दिवसांनी मी वाळ्याचे पॅड घेऊन त्यांच्या पोर्चमध्ये गेलो.

"काहून लावून राहिला गा?"

"प्रशांत येईपर्यंत तरी उकडेल ना?"

"तेही खरं," ते म्हणाले आणि स्क्रू हातात धरून उभे राहिले. मी एकेक मागत होतो, ते एकेक देत होते. शेवटचा स्क्रू त्यांनी जरा वेळ मुठीतच ठेवला होता, हे मला आठवतं. पण या वयात काय आठवावं आणि काय नंतर जोडलं, हेही कळत नाही.

प्रशांत भर दुपारी आला. मी तिथेच होतो. तो आत आला तेव्हा कूलर चालू होता आणि खोलीभर वाळ्याचा वास होता. तो चपला न काढता कूलरसमोर उभा राहिला.

"बाबा, कूलर लावला?"

"हो. लावला."

एवढंच बोलणं. दोन दिवस बापलेक जेवले, पेपर वाचला, झाडाला पाणी घातलं. जायच्या दिवशी प्रशांतने मला फाटकाशी गाठलं. दोन तिकिटं काढली होती, एक रद्द करू का, असं त्याला विचारायचं होतं. "काका, बाबांचं इथंच राहायचं ठरलं ना? मी विचारलं तर माझ्यासाठी म्हणून उगाच हो म्हणतील." मी म्हणालो, "कूलर लागला म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडलं. ते त्यानेच पूर्ण केलं.

संध्याकाळी इन्चार्ज पायरीवर बसले होते. "त्यानं विचारलंच नाही गा."

फाटकाजवळचं बोलणं मी त्यांना सांगितलं नाही.

गल्लीने निकाल लावून टाकला, की सुनेनं नको म्हटलं असणार. मी तो चहाबरोबर ऐकला. एकदा नाही, कितीतरी वेळा ऐकला.

पुढच्या वर्षी जूनमध्ये कूलर उतरवताना मला राहवलं नाही. मी त्यांना फाटकाजवळचं बोलणं सांगितलं. ते पॅडमधला सुकलेला वाळा बोटाने उपसत होते.

"पॅड तू लावले," ते म्हणाले. "पण बटन कोणं दाबलं? मीच ना? पोरगं उन्हातून येऊन राहिलं होतं, म्हणून सकाळपासून चालू करून ठेवला." मग हसले. "दोघांनी मिळून केलं म्हणजे. चांगलं झालं." थोड्या वेळाने म्हणाले, "का नाही झालं?"

"फोन करा प्रशांतला. आत्ता करा."

त्यांनी केला. जेवला का, पाऊस आहे का, एवढं विचारलं आणि ठेवून दिला. "शिफ्टमध्ये असन तो," मला म्हणाले. प्रशांतला कसली शिफ्ट?

त्या हिवाळ्यात इन्चार्ज झोपेतच गेले. अंगणात बायका जमल्या होत्या, पण शिल्पाशी कोणी धड बोललं नाही. ती पोर्चमध्ये चादरीखालच्या कूलरजवळ उभी होती. मी पाणी घेऊन गेलो, तर म्हणाली, "काका, हा आम्ही नेऊ? आमच्या खिडकीची ग्रिल याच्या मापाने कापून घेतलीय. सोसायटीवाले तयार नव्हते, खूप भांडले मी. बाबांना कूलर लागतो ना. प्रशांत त्या वेळी कूलरसकटच आणणार होता त्यांना. मग इथे लावलेला बघितला, आणि..."

पाण्याचा पेला माझ्याच हातात राहिला. तेव्हाही मी बोललो नाही. टेम्पोत कूलर चढवायला मात्र हात लावला.

यंदा होळीनंतर तिचा फोन आला. पॅड आडवे बसवायचे की उभे? मी सांगितलं. पंप सुरू झाल्याचा, पाणी पडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "काका, वास आला."

तेव्हा मी सगळं सांगितलं. पॅड कोणी लावले, फाटकाजवळ वाक्य कोणी सोडलं, बटण कोणी आणि कशासाठी दाबलं. पलीकडे नुसता कूलर ऐकू येत होता.

"मग ते आले असते?"

खरं काय सांगायचं? इन्चार्जांच्या बाबतीत दोन्ही खरं असायचं. "आले असते," मी म्हणालो. "आणि महिन्याभरात झाडाला पाणी कोण घालतं म्हणून परत निघाले असते."

"ते असू द्या," ती म्हणाली. "पण आले असते ना?"

"आले असते."

आमच्या गल्लीला ठाऊक असावं म्हणून हे लिहिलं. संत्र्याला पाणी मी घालतो. पावसाळ्यात घालायचं की नाही, ते विचारायचं राहून गेलं.